गाडीशेजारी उभे आजी-आजोबा: फोटो नेमका कोणत्या सालचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरात एक कृष्णधवल फोटो आहे. मोठी अमेरिकन गाडी, तिला टेकून सुटाबुटातले आजोबा, शेजारी गोल साडी नेसलेल्या, गॉगल लावलेल्या आजी आणि बॉनेटवर बसवलेला साधारण चार वर्षांचा मुलगा. मागे पेन्सिलीनं फक्त ‘खंडाळा’ लिहिलंय. धाकटे काका म्हणतात, गाडी १९४७ची डॉज आहे, तेव्हा फोटो १९५० किंवा त्याआधीचा आणि बॉनेटवर मोठे काका (जन्म १९४६). आत्या म्हणतात, फोटो बराच नंतरचा आणि तो मुलगा म्हणजे तुमचे वडील (जन्म १९५२). गाडी आपली होती का, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि तुम्हाला फोटो रंगीत करून भिंतीवर लावायचा आहे.

घरगुती जुन्या फोटोंचं जतन आणि ओळख पटवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. गाडीसोबतचे फोटो त्यात सतत येतात आणि बहुतेक घरांत वाद हाच असतो. सगळे गाडीचं साल शोधतात आणि तेच फोटोचं साल धरतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे तर फारच वेगळ्या.

अमेरिकेत ही पद्धत बऱ्यापैकी चालते. तिथल्या कंपन्या जवळजवळ दरवर्षी गाडीचं तोंड, दिवे, क्रोमच्या पट्ट्या बदलायच्या. लोक नवी गाडी घेतली की घरासमोर उभी करून फोटो काढायचे आणि काही वर्षांत ती विकून दुसरी घ्यायचे. त्यामुळे तिथल्या फोटोत गाडी ओळखली की साल थोड्याफार फरकानं हाती लागतं. जुन्या फोटोंवरचं बरंचसं मार्गदर्शन त्या अनुभवातून लिहिलेलं आहे. ते आपल्या अल्बमला लावलं की घोळ होतो.

आपल्याकडे गाडी माणसांइतकी जगायची. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. ज्यांना इथेच सुटे भाग बनवायचे नव्हते, नुसत्या जोडणी करायच्या होत्या, त्यांना १९५३नंतर गाशा गुंडाळावा लागला, आणि १९५४मध्ये शिवडीचं काम थांबलं. परदेशी गाडी आणणं जवळपास अशक्य झालं. देशी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. अशा वेळी चाळीसच्या दशकातली डॉज किंवा प्लिमथ कोण मोडीत काढणार? त्या दुरुस्त होत, हातोहात विकल्या जात, टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. साठच्या दशकातल्या फोटोंत त्या सर्रास दिसतात. म्हणून आपल्या फोटोत गाडी एवढंच सांगते की फोटो याच्या आधीचा नाही. वरची मर्यादा ती सांगत नाही. ती दुसरीकडून काढावी लागते.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पुढची जाळी रुंद आणि चौकटीचौकटीची आहे, समोरच्या काचेच्या मधोमध उभी पट्टी आहे आणि मडगार्ड अंगापासून वेगळे फुगलेले आहेत. हे क्रायस्लर कंपनीच्या युद्धानंतरच्या, १९४६ ते १९४८ या काळातल्या गाड्यांचं रूप आहे. युद्धामुळे फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेत खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा युद्धाआधीचाच साचा थोडा बदलून वापरला गेला, आणि १९४९ला पूर्ण नवा साचा आला. त्यामुळे काकांचा ‘१९४७’ हा अंदाज गाडीपुरता अगदी बरोबर आहे. डॉज की प्लिमथ हे बॉनेटच्या टोकावरून पक्कं करा: मेंढा असेल तर डॉज, शिडाचं जहाज असेल तर प्लिमथ. जाळीवरून मला डॉजच वाटते. मुलानं त्या टोकाला धरून ठेवलंय, पण त्याच्या बोटांच्या मधून काहीतरी डोकावतंय, ते भिंगानं बघा. आणखी एक शक्यता काकांना आवडेल: वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात याच घराण्यातल्या गाड्या जोडायला सुरुवात केली होती. ही गाडी कुर्ल्यातून बाहेर पडलेली असू शकते.

पण तुमच्या फोटोतली खरी साक्षीदार ही गाडी नाहीच. डावीकडच्या कडेला बघा. तिथे दुसऱ्या एका छोट्या गाडीचा अर्धा भाग आला आहे. फोटो काढणाऱ्यानं तिच्याकडे लक्षही दिलं नसेल, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. मी कुठलाही फोटो हातात आला की मधली माणसं शेवटी बघते, आधी चारही कडा बघते. मधोमध असतं ते ठरवून मांडलेलं. कडेला जे येतं ते त्या दिवशी तिथे आपसूक होतं.

त्या छोट्या गाडीचं अंग सपाट आहे, मडगार्ड वेगळे नाहीत आणि पुढचं दार उघडं आहे. ते दार आजच्यासारखं पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं नाही. बिजागरी मधल्या खांबाला आहे आणि दार उलटं उघडलंय. सपाट अंग, आखूड गोल नाक आणि पुढचं दार उलटं, हे तिन्ही एकत्र आपल्या रस्त्यांवर मला एकाच गाडीत माहीत आहे: फियाट अकराशे, जिला मुंबई-पुण्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. प्रीमियरनं ती आपल्याकडे १९५४मध्ये आणली. पुढे साठच्या दशकात डिलाइट आली, तिची दारं सरळ उघडणारी होती आणि तीच गाडी नंतर पद्मिनी झाली.

तुमचं स्कॅन या कोपऱ्यात धूसर आहे, त्यामुळे मूळ फोटोवर भिंग लावून दोन गोष्टी तपासा. दाराची मूठ दाराच्या पुढच्या कडेला आहे का? आणि मागे दुसरं दार आहे का? फियाट पाचशे नावाची आणखी लहान गाडीही त्या काळात होती आणि तिचंही दार उलटं उघडायचं, पण तिला दोनच दारं आणि मडगार्ड वेगळे उठून दिसणारे. चार दारं आणि सपाट अंग असेल तर ही अकराशेच, आणि मग तुमचा फोटो १९५४च्या आधीचा असू शकत नाही.

इथपर्यंत आलो की मुलाचा प्रश्न बराचसा सुटतो. घरगुती फोटोत लहान मूल हे सगळ्यात चांगलं घड्याळ असतं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरून पाच-सात वर्षांचा फरक ओळखता येत नाही, पण तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं मूल यांत कोणी गल्लत करत नाही. १९५४मध्ये मोठे काका आठ वर्षांचे होते. बॉनेटवरचा मुलगा आठ वर्षांचा नक्कीच नाही. तुमचे वडील १९५६मध्ये चार वर्षांचे. म्हणजे मुलगा या दोघांपैकीच कोणी असेल तर तो तुमचे वडील, आणि फोटो १९५५ ते १९५७ या काळातला. ‘दोघांपैकीच असेल तर’ हे शब्द मात्र विसरू नका. सहलीला दोन कुटुंबं गेली असतील तर तो कोणाचाही मुलगा असू शकतो. वडिलांचा त्याच वयाचा दुसरा फोटो शेजारी ठेवून कान बघा. केस, गाल बदलतात. कानाचा आकार मात्र फारसा बदलत नाही.

कपड्यांबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. कपड्यांवरून काळ काढताना आपल्याकडे एक भान ठेवावं लागतं: माणूस तरुणपणी ज्या कपड्यांत रुळला तेच पुढे वापरत राहतो. एकाच फोटोत सासू नऊवारीत आणि सून गोल साडीत हे चित्र कितीतरी वर्षं दिसतं. त्यामुळे नऊवारी दिसली म्हणून फोटो जुना ठरत नाही. काळ बघायचा तो फोटोतल्या सगळ्यात तरुण आणि हौशी माणसाच्या अंगावर. तुमच्या फोटोत ती आजी आहेत. त्यांच्या पोलक्याच्या बाह्या आखूड आणि दंडाला घट्ट आहेत, चाळीसच्या दशकात दिसणाऱ्या फुगीर किंवा कोपरापर्यंतच्या नाहीत. आणि गॉगल! त्याच्या फ्रेमचे बाहेरचे कोपरे वर चढलेले आहेत. ही फॅशन पन्नासच्या दशकात जगभर पसरली. आजोबांची चुण्यांची घोळदार पॅन्ट मात्र काहीच ठरवत नाही. तशी पॅन्ट तीसच्या दशकापासून पन्नासच्या मध्यापर्यंत होतीच, आणि सूट एकदा शिवला की दहा-पंधरा वर्षं लग्नाकार्यात चालायचा. तीच पॅन्ट खाली चिंचोळी असती तर मी साठच्या दशकाकडे झुकले असते. कल्ले, रुंद कॉलर आणि बेलबॉटम दिसले असते तर सत्तरच्या.

कागदाचाही थोडा उपयोग होतो. तुमचा फोटो सव्वादोन बाय सव्वातीन इंच आहे, पांढरी पट्टी आणि करवती कडा. म्हणजे एकशेवीसच्या रोलवर आठ फोटो देणारा कॅमेरा आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली प्रत. हे तीसपासून साठपर्यंत कधीही शक्य आहे, तेव्हा एवढ्यावरून काही ठरत नाही. पण एक चाचणी करून बघा. नोटा तपासायला वापरतात ती अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या आणि अंधारात फोटोच्या पांढऱ्या कडेवर क्षणभर धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणासाठी घातलेलं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात पन्नासच्या दशकात यायला लागलं. चमकला तर आत्यांची बाजू आणखी भक्कम. नाही चमकला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ते रसायन नसलेला कागदही पुढे बराच काळ वापरात होता.

पार्श्वभूमीला तुमच्याकडे झाडं आणि कठडा एवढंच आहे. त्याच सहलीचे आणखी फोटो असतील तर त्यांत दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे रस्त्याकडेचा दगड. आकडा मैलांत असेल तर फोटो साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीआधीचा, कारण दशमान मापं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि दगड त्यानंतर बदलत गेले. दुसरी म्हणजे पेट्रोल पंपाची पाटी. बर्मा-शेल, कॅल्टेक्स, एस्सो ही नावं सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन गेली. गाडीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असेल तर तो युद्धकाळातल्या ब्लॅकआउटचा, १९६५ किंवा १९७१चा. तुमच्या गाडीचे दिवे स्वच्छ आहेत.

आता गाडी कोणाची? इथे मी खात्रीनं बोलणार नाही, पण कुठे बघायचं ते सांगते. पाटी काळी आहे आणि अक्षरं पांढरी. त्या काळात खासगी गाडीची पाटी अशी असायची. टॅक्सीची पाटी पांढरी, अक्षरं काळी. शिवाय टॅक्सीला बाहेरच्या बाजूला मीटर असायचा, तो इथे नाही. म्हणजे भाड्याची टॅक्सी नव्हे. सुरुवातीची अक्षरं ‘बीएम’ वाचता येतात, म्हणजे नोंदणी मुंबईची आणि मुंबई राज्याच्या काळातली. १९६०नंतर महाराष्ट्रात ‘एम’पासून सुरू होणाऱ्या मालिका आल्या. पण जुनी गाडी जुनाच नंबर घेऊन फिरायची, त्यामुळे पाटीवरून फोटोची वरची मर्यादा काढू नका. पुढचे आकडे सावलीत आहेत. ते चांगल्या स्कॅनमध्ये वाचता आले तर घरातल्या जुन्या कागदांत, विम्याच्या पावत्यांत, आर.सी. बुकात तोच नंबर शोधा. आजोबांच्या लायसन्सचा शोध त्याआधी घ्या. गाडी चालवायचं लायसन्सच नसेल आणि पदरी ड्रायव्हरही नसेल, तर गाडी त्यांची असण्याची शक्यता खूप कमी होते.

माझा अनुभव असा की अशा फोटोंत गाडीचा मालक बहुतेक वेळा फोटोत नसतोच. ज्याच्याकडे गाडी, त्याच्याकडेच कॅमेराही असायचा, आणि फोटो तोच काढायचा. तुमच्या फोटोत खाली गवतावर सावली पडली आहे: मान खाली, दोन्ही कोपरं बाहेर. पेटी कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघणाऱ्या माणसाची सावली नेमकी अशी पडते. सूर्य पाठीमागे घेऊन फोटो काढायचा ही तेव्हाची सर्वसाधारण सूचना होती, म्हणून सावली फोटोत येते आणि समोरच्यांचे डोळे बारीक होतात. तो माणूस कोण, हे कळलं तर गाडीचंही कळेल. डॉजच्या चाकांच्या क्रोमच्या वाट्या मोठ्या आणि गुळगुळीत आहेत. चांगल्या स्कॅनमध्ये त्यांत समोरच्या माणसाचं प्रतिबिंब दिसू शकतं. मला असे फोटो मिळाले आहेत ज्यांत फोटो काढणाऱ्याची टोपी आणि धोतरसुद्धा वाटीत ओळखू आलं.

गाडी आपली नव्हती असं निघालं तर घरातल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. साहेबांची, मामांची, शेजाऱ्यांची गाडी घेऊन घाटात जाणं आणि तिच्याशेजारी आपला चांगला सूट घालून उभं राहणं यात खोटेपणा काहीच नव्हता. तो दिवस त्यांचाच होता. गाडीवर झेंडूची माळ, आपट्याची पानं किंवा काचेवर कुंकवाचं स्वस्तिक असतं तर नवी खरेदी किंवा दसरा असा वेगळा विचार केला असता. इथे तसं काही नाही, फक्त चाकांना चिखल आहे. खंडाळा आणि चिखल म्हणजे पावसाळा किंवा नुकताच संपलेला पावसाळा, एवढं म्हणता येईल.

जाता जाता गोव्याच्या वाचकांसाठी: १९६१च्या आधी तिथे भारतातली आयातबंदी लागू नव्हती. त्यामुळे पन्नासच्या दशकाच्या शेवटच्या नव्याकोऱ्या परदेशी गाड्या तिथल्या फोटोंत दिसतात. तिथे गाडीचं साल आणि फोटोचं साल जवळजवळ असण्याची शक्यता आमच्याकडच्यापेक्षा जास्त.

रंगाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. भिंतीवर मूळ कृष्णधवल प्रतच लावा. कारण तांत्रिक आहे. त्या काळातल्या अनेक रोलना लाल रंग दिसतच नसे. कोडॅकचा घराघरांत वापरला जाणारा व्हेरिक्रोम तसाच होता. सगळे रंग टिपणारा व्हेरिक्रोम पॅन १९५६मध्ये आला, आणि तुमचा फोटो नेमका या बदलाच्या आसपासचा आहे. जुन्या रोलवर लाल साडी आणि काळी साडी सारखीच येते, मरून गाडी आणि काळी गाडी सारखीच येते. आजींच्या साडीचा रंग या फोटोत उरलेलाच नाही. संगणक जो रंग भरेल तो त्यानं ठरवलेला असेल, आणि दहा वर्षांनी तुमची मुलं ‘आजींची निळी साडी’ म्हणून तोच खरा मानतील. हौस म्हणून वेगळी रंगीत प्रत करायची तर करा, पण तिच्यावर ‘रंग नंतर भरलेले’ असं ठळक लिहा. आणि एआयनं फोटो ‘स्पष्ट’ करणारी अ‍ॅप तर या कामात अजिबात वापरू नका. ती पाटीवरचे आकडे वाचत नाहीत, नवे तयार करतात. चेहऱ्यांचंही तेच करतात. नंतर खरं काय आणि भरीचं काय हे शोधणं फार अवघड जातं.

स्कॅन पुन्हा करा. मोबाइलनं नको, सपाट स्कॅनरवर, किमान १२०० डीपीआय, रंगीत मोडमध्येच, आणि टिफ स्वरूपात जपून ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा. ‘खंडाळा’ कोणाच्या अक्षरात आहे हासुद्धा पुरावा आहे. फोटो अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. पुढे-मागे कोणते फोटो लावलेत तेही टिपून ठेवा, कारण एका रोलचे फोटो बहुतेक वेळा शेजारी-शेजारीच लावलेले असतात आणि उरलेल्या सातांपैकी एखाद्यात तो कॅमेरावाला स्वतः सापडतो. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

शेवटचं काम आत्यांसोबत करायचं आहे आणि ते या सगळ्याच्या आधी करा. फोटो पानभर मोठा छापून त्यांच्यासमोर ठेवा. ‘कोणत्या सालचा?’ असं विचारू नका, साल कोणालाच आठवत नसतं. तेव्हा आपण कुठल्या घरात राहत होतो, मोठे काका कितवीत होते, त्या दिवशी ते कुठे होते, डबा कोणी बांधून दिला, गाडी कोण चालवत होतं, परत येताना रात्र झाली का, असं विचारा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा आणि मधे बोलू नका. त्या छोट्या फियाटवर बोट ठेवून ‘ही कोणाची?’ हा प्रश्न मात्र नक्की विचारा. दोन गाड्या एकत्र गेल्या असतील तर दुसऱ्या घरातही त्या दिवसाचे फोटो असतील.